मून कॅक्टसची निगा: खुंट, कलम आणि आपला पावसाळा

अंगणवेल

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या बहुतेक रोपवाटिकांमध्ये मून कॅक्टस हमखास दिसू लागला आहे. वीतभरही उंची नसलेल्या तिधारी हिरव्या खोडावर लालभडक, पिवळा, नारिंगी किंवा गुलाबी गोळा बसवलेले हे रोप लोक मोठ्या हौसेने घरी नेतात आणि पहिल्याच पावसाळ्यात ते सडले की आपल्या हाताला निवडुंगसुद्धा लागत नाही, अशी खूणगाठ बांधून मोकळे होतात. या रोपाविषयी येथे वारंवार विचारणा होते, म्हणून त्याची निगा, कलम आणि रोग यांची सविस्तर चर्चा एकाच ठिकाणी व्हावी, यासाठी हा धागा काढत आहे.

सर्वांत आधी हे समजून घ्यायला हवे की त्या कुंडीत दोन वेगळी झाडे आहेत. वरचा गोळा म्हणजे जिम्नोकॅलिशियम मिहानोविची या निवडुंगाचा हरितद्रव्य हरवलेला प्रकार. मूळ वनस्पती पॅराग्वे आणि अर्जेंटिना या देशांतील चाको प्रदेशातली. रंगाने मळकट हिरवी-तपकिरी आणि झुडपांच्या आडोशाने जमिनीलगत वाढणारी. १९४१ मध्ये जपानमधील एइजी वातानाबे या रोपवाटिकाधारकाला बियांपासून उगवलेल्या रोपांमध्ये काही तांबूस रोपे दिसली आणि त्यांची निवड करत करत पुढे संपूर्ण लाल असा ‘हिबोतान’ हा वाण तयार झाला. हरितद्रव्य नसले की त्याखाली दडलेले रंग उघडे पडतात. बीट ज्या बीटालेन गटातील रंगद्रव्यांमुळे लाल दिसते, त्याच गटातील रंगद्रव्ये येथेही आहेत.

असे रोप स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही. बियांमधला साठा संपला की ते मरते, म्हणून कोवळेपणीच त्याचे दुसऱ्या निवडुंगावर कलम करावे लागते. त्यासाठी जगभर सर्वाधिक वापरला जाणारा खुंट, म्हणजे कलमाखालचे मुळे असलेले झाड, हायलोसेरियस हे आहे, अर्थात आपल्याकडे आता शेतात दिसणारे ड्रॅगन फ्रूट. गोळ्याला लागणारी सगळी साखर हा खुंटच तयार करत असतो, त्यामुळे निगा राखायची ती प्रामुख्याने खुंटाची, असे माझे ठाम मत आहे. बहुतेक लोक मात्र गोळ्याकडे पाहून पाणी घालतात, गोळ्याला ऊन मिळावे म्हणून कुंडी फिरवतात आणि खुंट पिवळा पडेपर्यंत त्याच्याकडे लक्षही देत नाहीत.

या दोन्ही झाडांपैकी एकही वाळवंटातले नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ड्रॅगन फ्रूटचा हा खुंट मूळचा मध्य अमेरिकेकडच्या जंगलांत झाडांच्या आधाराने चढणारा वेल आहे आणि त्याला कुजलेला पालापाचोळा आवडतो. निवडुंग म्हटले की नुसत्या वाळूत लावायचा, ही आपल्याकडची रीत त्याची उपासमार करते. मी भरड वाळू, विटांचे वाटाण्याएवढे तुकडे आणि चाळलेले पानकुजीचे खत समप्रमाणात घेते, त्यात थोडा कोळशाचा चुरा मिसळते आणि मातीचीच कुंडी वापरते. विकत आणलेले रोप बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये असते. ते वरून कोरडे ठणठणीत दिसते, पण आत मुळांपाशी ओलसर राहते, आणि एकदा पूर्ण सुकले की पाणी लवकर शोषून घेत नाही. पावसाळा तोंडावर असताना आणलेल्या रोपाचे कोकोपीट त्याच आठवड्यात हलक्या हाताने झटकून टाकावे.

उजेड भरपूर हवा, परंतु दुपारचे थेट ऊन नको, कारण गोळ्याची साल त्या उन्हात भाजते आणि एकदा पडलेला पांढुरका, खरखरीत डाग पुन्हा जात नाही. सकाळचे दोन-तीन तास ऊन आणि नंतर ५० टक्के शेडनेटची सावली ही व्यवस्था मला योग्य वाटते. अगदी अंधाऱ्या खोलीतही गोळा काही महिने तसाच लाल राहतो, त्यामुळे सर्व ठीक आहे असा भास होतो. प्रत्यक्षात खुंट आतला साठा खर्च करत असतो.

सागरतीर

अंगणवेल ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. मी रत्नागिरीला राहतो. माझ्याकडचा लाल मून कॅक्टस उन्हाळाभर उत्तम होता, परंतु श्रावण लागल्यापासून खुंटाचा तळाकडचा भाग पिवळसर झाला असून बोटाने दाबल्यास मऊ लागतो. वरचा गोळा मात्र टणक आणि तजेलदार आहे. कुंडी पत्र्याच्या पडवीत असल्यामुळे थेट पाऊस लागत नाही आणि पाणीही मी आठवड्यातून एकदाच घालत होतो. हे रोप वाचू शकेल का?

अंगणवेल

सागरतीर दादा, वाचण्याची शक्यता चांगली आहे, मात्र उद्यावर ढकलू नका. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच इतका दमटपणा असतो की कुंडीतली ओल आठवड्यात सुकतच नाही. शिवाय निवडुंगाची पर्णरंध्रे रात्री उघडतात आणि रात्रीची हवा दमट व उबदार असली की झाडाचे पाणी बाहेर पडण्याचा वेगही मंदावतो. अशा दिवसांत आठवड्याला एकदा हे वेळापत्रक निरुपयोगी ठरते. कुंडीच्या तळाच्या भोकातून काडी आत घालावी आणि ती कोरडी बाहेर आली तरच पाणी द्यावे.

आता उपचार. धारदार ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या आणि मऊ भागाच्या बोटभर वर खुंट आडवा कापा. कापलेली चकती उजेडात नीट पाहा. मध्यभागी फिकट रंगाचे एक छोटे वर्तुळ दिसेल. अन्न-पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या त्या वर्तुळात असतात. बाहेरचा गर हिरवागार दिसला तरी त्या वर्तुळात तपकिरी किंवा तांबूस ठिपका असेल, तर कूज वर चढलेली आहे असे समजावे. ब्लेड पुन्हा पुसून आणखी थोडे वर कापा आणि वर्तुळ पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत असे करत राहा. प्रत्येक कापानंतर ब्लेड पुसणे टाळलेत, तर बुरशी आपल्याच हाताने वर नेली जाईल.

गोळ्याखाली चार-पाच सेंटिमीटर निरोगी खुंट उरला, तर कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची भुकटी लावून तो भाग वाऱ्याच्या जागी, आडवा न ठेवता उभा ठेवून सुकवा. कापावर कोरडी पापडी धरली की तो कलमासकट नव्याने मुळे धरू शकतो. त्याहून कमी उरला तर गोळा नव्या खुंटावर घ्यावा लागेल आणि त्याबद्दल घाटमाथा काका माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने सांगू शकतील.

माणदेशी

सांगली जिल्ह्यात आमची ड्रॅगन फ्रूटची बाग आहे, म्हणून खुंटाविषयी थोडे लिहितो. हंगाम संपल्यावर आम्ही छाटणी करतो, तेव्हा भरपूर फांद्या निघतात आणि त्यातल्या बऱ्याच बांधावर टाकून दिल्या जातात. सोलापूर, सांगली या भागांत कोणत्याही बागायतदाराकडे विनंती केली तर दोन-चार काड्या सहज मिळतील. बाजारातल्या मून कॅक्टसच्या खुंटाची उंची पेटीत जास्त रोपे मावावीत या हिशेबाने ठेवलेली असते. घरी कलम करणाऱ्याने तो हिशेब पाळण्याचे कारण नाही. खुंट १५ ते २० सेंटिमीटर किंवा त्याहूनही उंच ठेवावा, म्हणजे अन्न तयार करणारा हिरवा भाग वाढेल आणि कलमाचा जोडही जमिनीच्या ओलीपासून दूर राहील.

काडी निवडताना अगदी कोवळी, चमकदार पोपटी नको आणि करड्या सालीची जून झालेलीही नको. नख लावल्यावर सहज रस सुटेल, पण काडी वाकणार नाही, अशी मधल्या वयाची घ्यावी. आठवडाभर सावलीत सुकवून मगच ती लावावी. लावताना शेंड्याची बाजू वर राहील याची काळजी घ्यावी. लांब फांदीचे तुकडे केल्यावर ही गल्लत फार होते, म्हणून आम्ही तुकडे करतानाच खालचे टोक तिरपे कापतो. साधारण महिन्याभरात मुळे धरतात.

उन्हाबद्दल ताईंनी लिहिलेले खुंटालाही लागू आहे. ड्रॅगन फ्रूट कणखर असल्याचे सर्वत्र सांगितले जाते, तरी एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर गेला की आमच्याकडे फांद्या पिवळ्या पडून भाजतात आणि अनेकांना बागेवर शेडनेट ओढावे लागते. बागेतली फांदी त्यातून सावरते, कारण तिच्यामागे मोठी मुळे असतात. कुंडीतला वीतभर खुंट सावरत नाही.

पारिजात

आमच्या गावाकडे कुंपणाला त्रिधारी निवडुंग आहे आणि तो दिसायला अगदी या खुंटासारखाच वाटतो. त्यावर हे कलम करता येईल का? तसेच माळावर फड्या निवडुंगही मुबलक आहे. या दोहोंपैकी काही उपयोगी पडत असल्यास खुंटाचा शोध घ्यावा लागणार नाही.

घाटमाथा

पारिजात ताई, कुंपणाचा त्रिधारी निवडुंग येथे चालणार नाही. आपण त्याला निवडुंग म्हणत असलो तरी तो युफोर्बिया म्हणजे एरंडाच्या कुळातला आहे आणि खऱ्या निवडुंगांचे कूळ पूर्णपणे वेगळे आहे. कलम जुळण्यासाठी दोन्ही झाडांचे नाते जवळचे लागते. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे चीक. त्रिधारी निवडुंगाला काप दिला की पांढरा दुधासारखा चीक भळभळा वाहतो, ड्रॅगन फ्रूटला काप दिला तर पारदर्शक, किंचित बुळबुळीत रस येतो. त्या चिकाने त्वचेची आग होते आणि डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, त्यामुळे निव्वळ प्रयोग म्हणूनही तो कापू नये.

फड्या निवडुंग मात्र खऱ्या निवडुंगांच्या कुळातला आहे आणि त्यावर कलम धरते. अडचण अशी की त्याच्या बारीक केसाळ काट्यांचे झुपके बोटांत शिरले की दिवसभर सलतात, आणि चपट्या फडीच्या कडेवर गोल गोळा बसवणे नवख्याला जमत नाही. ज्यांना दीर्घकाळ टिकणारा खुंट हवा आहे, त्यांनी मिर्टिलोकॅक्टस किंवा सेरियस हे जाड खोडाचे निवडुंग मिळतात का ते पाहावे. त्यांवर वाढ सावकाश होते, परंतु काही वर्षांनी ड्रॅगन फ्रूटचा खुंट आक्रसून जातो, तसे त्यांचे सहसा होत नाही.

आता कलमाची रीत सांगतो. आपल्याकडे फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंतचा काळ सर्वांत चांगला, कारण हवा कोरडी असते आणि काप लवकर भरून येतो. पाऊस पूर्ण ओसरल्यावर ऑक्टोबरमध्येही करता येते. खुंट मुळे धरलेला आणि वाढीला लागलेला असावा, त्याला दोन दिवस आधी पाणी दिलेले असावे.

खुंटाचा शेंडा एका ओढीत सपाट कापावा. ब्लेड करवतीसारखे पुढे-मागे केले की पृष्ठभाग उंचसखल होतो आणि त्या खळग्यांत हवा अडकते. त्यानंतर तिन्ही धारांचे कोपरे बाहेरच्या बाजूला उतरते तासावेत. हे अनेकजण सोडून देतात, पण ते अत्यावश्यक आहे: काप सुकताना आतला गर आकसतो आणि साल तशीच उभी राहते, त्यामुळे मध्ये वाटीसारखा खळगा पडतो आणि वरचा गोळा उचलला जातो. तासून झाले की पृष्ठभागावरून कागदासारखी पातळ चकती पुन्हा कापावी, मात्र ती लगेच काढू नये. गोळा तयार होईपर्यंत ती झाकणाचे काम करते.

गोळ्याच्या अंगावर आलेले हरभऱ्याहून मोठे पिल्लू अलगद मोडून घ्यावे आणि त्याचा तळ सपाट कापावा. त्याच्या कापातही मध्यभागी वाहिन्यांचे वर्तुळ दिसते. खुंटावरची चकती सरकवून काढावी आणि दोन्ही वर्तुळे एकमेकांना टेकतील असा गोळा बसवावा. पिल्लाचे वर्तुळ लहान आणि खुंटाचे मोठे असल्यास गोळा बरोबर मध्यभागी बसवणे चुकीचे ठरते, कारण तेव्हा लहान वर्तुळ मोठ्याच्या आत राहते आणि कुठेच स्पर्श होत नाही. तो थोडा बाजूला सरकवावा, म्हणजे दोन वर्तुळे निदान दोन ठिकाणी एकमेकांना छेदतील. दिसायला ते वाकडे वाटेल, पण जोड धरेल. बसवल्यावर हलकेच दाबून फिरवावे, म्हणजे मधली हवा निघून जाते.

मग कुंडीच्या बुडाखालून गोळ्यावर असे दोन रबरबँड एकमेकांना काटकोनात घालावेत. ताण इतकाच असावा की गोळा हलणार नाही. रबर सालीत रुतता कामा नये. कुंडी सावलीत ठेवावी, कापावर पाण्याचा थेंब पडू देऊ नये आणि आठ-दहा दिवसांनी रबर काढावे. गोळा टणक राहिला आणि त्यावर नवी चमक आली की कलम लागले. नंतर खुंटाला बाजूने फुटवे आले तर ते कोवळे असतानाच खुडावेत, अन्यथा खुंटाची शक्ती तिकडे वळते आणि गोळा मागे पडतो.

ओसरी

मी नेदरलँड्समध्ये राहते. येथे फुलांच्या दुकानांत आणि किराणा दुकानांतही मून कॅक्टस मिळतो. कोरिया हा या कलमांचा मोठा निर्यातदार देश असून तेथून ती युरोपात येतात, असे येथील विक्रेत्याने सांगितले. माझी अडचण पावसाळ्याची नसून थंडीची आहे. हिवाळ्यात खिडकीच्या काचेजवळ ठेवलेल्या रोपाच्या खुंटावर पाणचट डाग पडतात. दुसरे असे की भारतात येताना एक जांभळट छटेचे रोप आईसाठी आणण्याची फार इच्छा आहे. निवडुंगांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, असे ऐकले आहे.

घाटमाथा

ओसरी ताई, खुंट उष्ण प्रदेशातला असल्यामुळे १० अंशांच्या खाली तो सोसत नाही. वरचा जिम्नोकॅलिशियम त्यामानाने थंडी बरी सहन करतो, म्हणून गोळा ठीक आणि खुंट डागाळलेला असे चित्र दिसते. काचेपासून दूर, पण उजेडात ठेवा आणि त्या काळात पाणी जवळजवळ बंद करा. निफाड, महाबळेश्वर अशा ठिकाणच्या मंडळींनीही डिसेंबर-जानेवारीत रात्री कुंडी घरात घ्यावी.

निर्बंधांबाबत सांगायचे तर जवळजवळ संपूर्ण निवडुंग कुळ साइट्स या, धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत येते, परंतु हायलोसेरियससारख्या ठरावीक खुंटांवर कलम केलेले, हरितद्रव्य नसलेले मिहानोविचीचे वाण त्यातून वगळलेले आहेत, कारण ते रानातून येऊच शकत नाहीत. तरीही भारतात जिवंत रोप आणताना २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. सामानात घालून आणणे नियमबाह्य आहे, आणि त्यासोबत मुळांवरची कीड येथे येण्याचा धोकाही खरा आहे. आईंसाठी येथेच चांगले रोप शोधून देता येईल.

सोनचाफा

सर्व माहिती मौलिक आहे, तरीही एक आक्षेप नोंदवतो. जे झाड स्वतःच्या बळावर जगू शकत नाही आणि ज्याचा खुंट काही वर्षांत संपतो, ते दिखाऊपणासाठी घडवून विकणे मला पटत नाही. दुकानांत तर याच्याही पुढे जाऊन साध्या निवडुंगांवर रंगाचा फवारा मारलेला असतो किंवा वाळलेली फुले गोंदाने चिकटवलेली असतात. नवख्या माणसाने यातले खरे कसे ओळखावे?

अंगणवेल

सोनचाफा दादा, रंग फवारणे आणि फुले चिकटवणे यांच्या विरोधात मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. रंगाच्या थराखाली हिरव्या सालीपर्यंत उजेड पोहोचत नाही आणि रंध्रे बुजतात. काट्यांवरही रंग चढलेला असेल किंवा शेंड्यावरची नवी वाढ हिरवी आणि बाकी अंग निळे-गुलाबी असेल, तर ते रोप रंगवलेले आहे. मून कॅक्टसचा रंग आतपर्यंत असतो आणि शेंड्याची नवी वाढही त्याच रंगाची येते. चिकटवलेल्या फुलाच्या बुडाशी गोंदाचा कडक ठिपका दिसतो, आणि ते महिनोन्महिने मिटत नाही.

कलमाबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. आपण खातो तो हापूस कलमाचाच असतो आणि त्या एका वाणाचे सातत्य पिढ्यान्‌पिढ्या कलमांनीच टिकवले आहे. मून कॅक्टसचा खुंट थकला तरी पिल्ले नव्या खुंटावर घेत राहिल्यास तोच वाण अनेक वर्षे आपल्याकडे राहतो. माझा आक्षेप आखूड खुंटावर आहे, ज्यामुळे रोप आणल्यापासूनच अर्धपोटी असते. तरीही ज्यांना खुंटाची गरज नसलेले रोप हवे आहे, त्यांच्यासाठी ‘हिबोतान निशिकी’ हा मिश्ररंगी प्रकार आहे. त्याच्या अंगावर लाल-नारिंगी पट्ट्यांसोबत हिरवे पट्टेही असतात, त्यामुळे तो स्वतःच्या मुळांवर वाढू शकतो. वाढ सावकाश आणि किंमत अधिक, पण प्रत्येक रोपावरची नक्षी वेगळी असते. मला व्यक्तिशः तो एकरंगी लाल गोळ्यापेक्षा कितीतरी अधिक सुंदर वाटतो.

येथे पिठ्या ढेकूण (मिलीबग) या किडीचाही उल्लेख करते, कारण कलमाचा जोड आणि गोळ्याच्या कंगोऱ्यांमधील खाचा ही त्याची आवडती जागा आहे. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून पिळून घ्यावा आणि कीड टिपून काढावी. आठवड्याने पुन्हा तपासावे, कारण अंडी मागे राहतात. रोप कारण नसताना मलूल दिसत असेल तर कुंडीतून काढून पाहावे. मातीच्या गोळ्यावर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरी पिठूळ बुरशीसारखी पूड दिसली, तर ती बहुधा मुळांवरची पिठ्या ढेकणाची जात असते. सगळी माती टाकून द्यावी, मुळे वाहत्या पाण्याखाली धुवावीत, सुकवावीत आणि नव्या मिश्रणात लावावे.

सागरतीर

ताई, सांगितल्याप्रमाणे खुंट कापला. पहिल्या दोन कापांत मधल्या वर्तुळात तपकिरी ठिपके होते, तिसऱ्या कापात ते पूर्ण स्वच्छ निघाले. गोळ्याखाली जेमतेम पाच सेंटिमीटर खुंट उरला आहे. काप सुकत ठेवला आहे, परंतु येथे हवा इतकी ओली आहे की दोन दिवसांनंतरही तो चिकटच लागतो. आता लावावे की थांबावे?

अंगणवेल

थांबा. काप हाताला कोरडा आणि कडक लागल्याशिवाय मातीत लावू नका. घरात पंख्याच्या वाऱ्याला ठेवा आणि काप लवकर सुकावा म्हणून उन्हात मुळीच ठेवू नका. गोळ्यात आणि खुंटात पुरेसे पाणी आहे, त्यामुळे दोन-तीन आठवडे मातीवाचून राहिल्याने त्याचे काहीही बिघडणार नाही. पापडी धरल्यावर कोरड्या भरड वाळूत फक्त सेंटिमीटरभर खोल उभे करा, आधाराला दोन काड्या लावा आणि पाणी घालू नका. कोकणातल्या हवेतली ओल मुळे फुटायला पुरेशी आहे. गणपतीनंतर उघडीप मिळाली की रोप बोटाने किंचित हलवून पाहा. वाळूत घट्ट वाटले तर मुळे धरली असे समजून कडेने चमचाभर पाणी द्या, आणि पानकुजीचे खत घातलेल्या मिश्रणात ते दिवाळीच्या सुमारास हलवा.